टूथपेस्टला फेस आला नाही, म्हणून दिवस गेले नाहीत?

काल रात्री सुदामानगरहून भाचीचा फोन. "मावशी, पेस्टला फेसच आला नाही. म्हणजे काही नाही ना?" पाळी नऊ दिवस पुढे गेलेली आणि ही वाटीत लघवी अन् टूथपेस्ट कालवून बसलेली! नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा 'घरच्या घरी गर्भ ओळखा: पेस्टमध्ये लघवी कालवा, फेस आला तर दिवस गेले' हा मेसेज तिला तिच्या सासूबाईंनीच पाठवला होता. भाचीला विचारूनच हे लिहितेय.

फेसाचं आधी. बऱ्याच पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे खडूच. लघवीतल्या आम्लाने त्यातून वायू सुटतो. पुरुषाच्या लघवीनेही फेस येईल. गर्भ रुजल्यावर एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं, ते ना पेस्टला कळतं, ना मेसेजमधल्या मीठ-साखरेला. ते मेडिकलवरच्या गर्भचाचणीच्या पट्टीला कळतं. आशा दीदीकडे याच चाचणीचं 'निश्चय' किट फुकट मिळतं.

मेसेज पुढे म्हणतो, 'तिसऱ्या दिवशीच लक्षणं दिसतात.' कशी दिसतील? विलकॉक्स आणि सहकाऱ्यांचा 1999 चा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला अभ्यास आहे. टिकलेल्या गर्भांपैकी 84 टक्के अंडाशयातून बीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजले, सहाव्याच्या आधी एकही नाही. म्हणून पट्टी पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर. पट्टीने नाही म्हटलं आणि पाळी तरीही नाही आली, तर आठवड्याने पुन्हा.

थकवा, छाती दुखणं, सारखं लघवीला होणं ही मेसेजमधली यादी बरोबर आहे, मान्य. पण यातलं बरंचसं पाळीच्या आधीही होतं. आणि मळमळ नाही म्हणजे दिवस नाहीत, असं मुळीच नाही. गोड खावंसं वाटलं तर मुलगा, यावर मी शब्द खर्च करणार नाही.

खरा संताप आला तो शेवटच्या ओळीचा: 'थोडा जरी डाग दिसला तरी पाळीच, निर्धास्त व्हा.' अहो, पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एकीला रक्त दिसतं! पुष्कळदा गर्भ सुखरूप असतो. पण कधी तो गर्भाशयाऐवजी त्याला जोडलेल्या बीजवाहक नळीत रुजलेला असतो. तेव्हाही डागच दिसतो, ओटीपोटात एका बाजूला दुखतं. नळी फुटली तर आत रक्तस्राव होतो, चक्कर येते, खांदा दुखतो, जीव जाऊ शकतो. तिथे एक तासही थांबायचं नसतं.

भाचीला परवा डाग दिसला होता. मेसेज वाचून तिने तो कुणाला सांगितलाच नाही. आज सकाळी पट्टीवर दोन रेघा आल्या. दुपारच्या सोनोग्राफीला मी तिच्यासोबत निघालेय.