‘ते एक बटण बंद करा, एआयला काहीच दिसणार नाही’: या फॉरवर्डला उत्तर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदवाल्यांचा ग्रुप, विश्रामबागेतल्या सोसायटीचा ग्रुप, मिरजेच्या जुन्या वर्गमित्रांचा ग्रुप. तो मेसेज मला सगळीकडून आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचा मजकूर थोडक्यात असा: मेटा एआय, म्हणजे व्हॉट्सॲप-फेसबुकच्या मालक कंपनीचा एआय, तुमच्या ग्रुपमधला प्रत्येक मेसेज वाचतं आणि नंबर उचलतं, म्हणून ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू करा. चॅटजीपीटीतलं ट्रेनिंगचं बटण बंद केलं की कंपनीकडे काही राहत नाही. चॅट डिलीट केलं की विषय संपला. ‘प्रो’, म्हणजे वरच्या दर्जाचं खातं, असेल तर काळजीच नको. आणि आता नवा कायदा आल्यामुळे विचारल्याशिवाय कुणाला तुमची माहिती घेताच येत नाही. शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त ग्रुपमध्ये पाठवा’.

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस. क्लायंटमध्ये हळदीचे अडते आहेत, बेदाण्याचे कोल्ड स्टोरेजवाले आहेत, मिरजेतले काही डॉक्टर आहेत. हा मेसेज वाचून लोक घाबरतील अशी माझी अपेक्षा होती. झालं उलटंच. एका अडत्यांनी विचारलं, “सर, बटण बंद केलंय. आता पार्ट्यांचे पॅन नंबर टाकून यादी करून घेतली तर चालतंय न्हवं?” मेसेजमधल्या भीतीपेक्षा त्यातला हा निर्धास्तपणा मला जास्त खटकतो, म्हणून एकेक दावा घेऊन लिहितो.

‘मेटा एआय ग्रुपमधलं सगळं वाचतं’

नाही वाचत. व्हॉट्सॲपवरचे माणसामाणसांतले मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच ते उघडतात, मधल्या सर्व्हरवर नाही. मेटा एआयकडे जातं ते तुम्ही स्वतः त्याच्याकडे पाठवलेलं: त्या निळ्या गोलाच्या चॅटमध्ये लिहिलेलं, किंवा ग्रुपमध्ये त्याला टॅग करून विचारलेलं. हळदीच्या ग्रुपमध्ये कुणी त्याला टॅग करून ‘आजचा राजापुरीचा दर काय’ विचारलं, तर तो प्रश्न त्याच्याकडे गेला. त्याच्या आधीच्या दोनशे मेसेजांवर त्यानं डोळा फिरवला असं होत नाही.

मग ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी काय करते? एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही सेटिंग त्या चॅटपुरत्या तीन गोष्टी अडवते. चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही, आलेले फोटो-व्हिडिओ आपोआप गॅलरीत उतरत नाहीत, आणि त्या चॅटमध्ये मेटा एआयला बोलावता येत नाही. ती चालू करा असंच मी सांगेन, पण कारण वेगळं. एखाद्या सदस्यानं अख्खा ग्रुप एक्स्पोर्ट करून त्याची फाइल कुठल्याही एआयला ‘याचा सारांश दे’ म्हणून दिली, तर सगळ्यांचे नंबर, नावं, दर, उधारी एका दमात बाहेर जाते. ही सेटिंग तो रस्ता बंद करते. स्क्रीनशॉटचा रस्ता मात्र उघडाच राहतो. एखाद्या हौशी पोरानं बेदाण्याच्या सौद्यांच्या यादीचा फोटो काढून चॅटजीपीटीला टेबल करायला सांगितलं, तर त्याला कुठलीच सेटिंग अडवत नाही. ग्रुपमधली गळती बहुतेक वेळा कंपनीकडून होत नाही, आपल्यातल्याच कुणाच्या तरी बोटानं होते.

या सगळ्या गोंधळात मेटाची खरी बातमी बाजूलाच राहिली. १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा एआयशी झालेलं तुमचं संभाषण फेसबुक-इन्स्टाग्रामवर तुम्हाला काय दाखवायचं आणि कुठल्या जाहिराती दाखवायच्या हे ठरवायला वापरलं जातं. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया तेवढे सुरुवातीला वगळले. भारत त्या वगळलेल्यांत नाही, आणि हा वापर पूर्ण थांबवणारं बटणही दिलेलं नाही. आरोग्य, धर्म, राजकीय मतं अशा विषयांवर जाहिराती बेतणार नाही असं कंपनी सांगते. एक फट आपल्या हातात आहे. तुमचं व्हॉट्सॲप मेटाच्या ‘अकाउंट्स सेंटर’ला जोडलेलं नसेल, तर व्हॉट्सॲपमधल्या मेटा एआयच्या गप्पा बाकीच्या ॲपांसाठी वापरल्या जात नाहीत. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते जोडलंय का एवढं पाहून घ्या. फेसबुकवर ‘पब्लिक’ म्हणून टाकलेल्या पोस्ट आणि फोटो मेटा कंपनी आपला एआय शिकवायला वापरते, हे तर कंपनीनंच जाहीर केलंय. गणपतीतल्या मिरवणुकीचे, नातवाच्या बारशाचे फोटो कुणाला दिसतात हे बदलणं आपल्या हातात आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही.

‘ट्रेनिंगचं बटण बंद केलं की काही राहत नाही’

हा दावा जरा सावकाश घेऊ, कारण यार्डातले निम्मे लोक इथंच फसतात.

चॅटजीपीटीत प्रोफाइल, मग सेटिंग्ज, मग ‘डेटा कंट्रोल्स’ इथं ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ असं बटण आहे. ते बंद करा, जरूर करा. त्यानं त्यापुढचं तुमचं बोलणं नवं मॉडेल शिकवायला घेतलं जात नाही. एवढंच. संभाषण तुमच्या खात्यात आणि कंपनीच्या सर्व्हरवर असतंच, नाहीतर उद्या उघडल्यावर कालचं कसं दिसलं असतं? बटण बंद करण्याआधी जे शिकवणीत गेलं ते परत येत नाही. हिशोबाची वही परत घेतली म्हणून मुनिमाच्या डोक्यातले आकडे पुसत नाहीत, तसंच ते. आणखी एक बारीक गोष्ट: बटण बंद असतानाही उत्तराखालचा अंगठा वर किंवा खाली दाबलात, तर तो अभिप्राय धरला जातो आणि त्याच्यासोबत ते अख्खं संभाषण शिकवणीसाठी वापरलं जाऊ शकतं. आमच्या ऑफिसात अंगठा दाबायला बंदी आहे. लोक हसतात, हसू देत.

काहीच मागे राहू नये असं वाटत असेल तर ‘टेम्पररी चॅट’ जास्त जवळचं. ते इतिहासात दिसत नाही, शिकवणीत जात नाही. तरीही सुरक्षेच्या तपासणीसाठी त्याची प्रत ३० दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते.

गूगलच्या जेमिनीचा हिशोब वेगळा. तिथल्या ज्या सेटिंगला आधी ‘जेमिनी ॲप्स ॲक्टिव्हिटी’ म्हणायचे तिला आता ‘कीप ॲक्टिव्हिटी’ नाव आहे. ती चालू असेल तर नोंदी सहसा १८ महिने राहतात. तो काळ ३ महिन्यांवर आणता येतो किंवा ३६ पर्यंत वाढवता येतो. बंद केली तरी संभाषण ७२ तासांपर्यंत ठेवलं जातं. शिवाय काही संभाषणं तपासणारी माणसं वाचतात. अशी तपासलेली संभाषणं खात्यापासून तोडून तीन वर्षांपर्यंत जपली जातात, आणि तुम्ही तुमच्या बाजूनं इतिहास पुसलात तरी ती त्याबरोबर जात नाहीत. तपासणाऱ्यानं पाहू नये अशी गुप्त माहिती इथं टाकू नका असं गूगल स्वतःच लिहितं. मिरजेच्या दवाखान्यातला रिपोर्ट ‘याचा अर्थ सांग’ म्हणून जेमिनीत टाकताना हे वाक्य आठवावं. रिपोर्ट टाकूच नका असं मी म्हणत नाही, लोकांना त्याचा खरंच उपयोग होतो. वरची पट्टी, म्हणजे नाव, वय, नोंदणी क्रमांक, मोबाइल, कापून टाका. हिमोग्लोबिन किती हे सांगायला पेशंटचं नाव लागत नाही.

अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड या एआयमध्ये २०२५ च्या ऑगस्टपासून शिकवणीला हो म्हणालात तर माहिती पाच वर्षांपर्यंत, नाही म्हणालात तर साधारण ३० दिवस. म्हणजे तिथं एकच बटण वापरही ठरवतं आणि मुदतही. तीन कंपन्या, तीन रीती. मेसेज लिहिणाऱ्यानं सगळ्यांना एकच बटण लावून दिलं.

‘डिलीट केलं की विषय संपला’

चॅटजीपीटीतलं चॅट डिलीट केल्यावर ते तुमच्या पडद्यावरून लगेच जातं, सर्व्हरवरून जायला ३० दिवसांपर्यंत लागतात. कोर्ट मध्ये आलं तर ३० दिवसांचाही भरवसा नाही. न्यूयॉर्क टाइम्सनं चॅटजीपीटीच्या कंपनीवर, ओपनएआयवर, केलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये कोर्टानं पुसलेली संभाषणंसुद्धा जपून ठेवण्याचा हुकूम दिला. पुढचं जपत राहण्याचं हे बंधन सप्टेंबर २०२५ अखेर उठलं, पण मधल्या महिन्यांत सांगलीतल्या माणसानं डिलीट दाबलं काय आणि अमेरिकेतल्या माणसानं दाबलं काय, ते लगेच पुसलं जात नव्हतं.

‘मेमरी’ हा आणखी वेगळा कप्पा. ‘माझं तासगावात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, भागीदार मेहुणा आहे’ असं कधी बोलून गेलात आणि त्यानं ते लक्षात ठेवलं, तर ते चॅट पुसल्यानं मेमरीतली नोंद जात नाही. ती ‘पर्सनलायझेशन’मध्ये जाऊन वेगळी पुसावी लागते. एकदा उघडून बघाच. स्वतःबद्दल किती सांगून ठेवलंय ते पाहून माणूस जरा गप्प होतो.

आणि शेअर केलेली लिंक. २०२५ च्या जुलैअखेर चॅटजीपीटीवरून शेअर केलेली काही संभाषणं गूगलच्या शोधात दिसू लागली होती, कारण शेअर करताना ‘शोधता येईल’ अशा चौकटीवर लोकांनी टिक केली होती. कंपनीनं ती चौकटच काढून टाकली. तरी ज्याच्या हाती लिंक, त्याला संभाषण दिसतं. जुन्या लिंका सेटिंग्जमध्ये एका यादीत सापडतात, तिथून काढता येतात.

‘प्रो आहे, म्हणजे सुरक्षित’

जिओच्या प्लॅनबरोबर जेमिनीचं प्रो आलं, एअरटेलबरोबर परप्लेक्सिटी या एआयचं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट झालं. यानं मर्यादा वाढतात, नियम बदलत नाहीत. चॅटजीपीटीच्या पैसे भरणाऱ्या प्लस ग्राहकाचंही ट्रेनिंगचं बटण मुळात चालूच असतं, त्यालाही ते स्वतः बंद करावं लागतं. वेगळा करार असतो तो कंपन्यांसाठीच्या बिझनेस आणि एंटरप्राइज खात्यांचा. तिथली माहिती मुळातूनच शिकवणीत घेत नाहीत. ऑफिसातल्या मुलानं स्वतःच्या जीमेलवरून उघडलेलं फुकटचं खातं त्यात बसत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं २९ जानेवारी २०२५ ला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अशी एआय ॲप वापरू नका असं पत्रक काढलं, ते याच धास्तीनं. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी २०२३ मध्ये कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला होता. तो काही कुणी चोरला नव्हता. कामाच्या घाईत त्यांनीच चिकटवला होता.

‘आता कायदा आलाय’

आलाय, पण पूर्ण लागू झालेला नाही. डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमती, सूचना, पुसण्याचा हक्क अशी मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तुम्ही स्वतःच जगजाहीर केलेल्या माहितीला तर हा कायदा लागूच नाही. पब्लिक पोस्टचं आधी म्हटलं, ते इथं पुन्हा आडवं येतं.

आणि हा कायदा फक्त अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी आहे अशी समजूत असेल, तर आपल्याच टेबलाकडे बघा. शेतकऱ्याचं आधार, सातबारा, बँक पासबुक घेऊन ते कॉम्प्युटरवर चढवणारा अडत्या, डॉक्टर, कर सल्लागार, हे सगळे त्याच्या कक्षेत येतात. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. वर सांगितलेल्या अडत्यांना मी म्हटलं, “अण्णा, बटण तुमच्या माहितीसाठी आहे. पॅन पार्टीचे आहेत, त्यांना कुणी विचारलं?” यादीच करायची तर नावांऐवजी ‘पार्टी १, पार्टी २’ लिहा, पॅनचा रकाना कोरा ठेवा, आणि टेबल आल्यावर एक्सेलमध्ये आपल्या हातानं भरा. आधारची प्रत लागलीच तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

‘फॉरवर्ड करायला काय जातंय?’

हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही, पण पाठवणारे हमखास म्हणतात. एका ग्रुपवर याच मजकुराखाली ‘सेटिंग आपोआप चालू करण्यासाठी इथे दाबा’ अशी लिंक आली होती. वर लिहिलेली एकही सेटिंग लिंकवरून चालू होत नाही, प्रत्येक त्या त्या ॲपच्या आतच असते. आरटीओच्या चलनाच्या नावाखाली येणाऱ्या एपीके फाइलनं (फोनवर ॲप बसवणारी फाइल) किती जणांची खाती रिकामी झाली हे इथं सगळ्यांना माहीत आहे. ‘प्रायव्हसी’च्या नावानं तीच फाइल पाठवणं कुणालाही जमेल. अशी फाइल चुकून उघडली असेल तर फोनचं नेट आधी बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा.