बिल माझ्या नावावर, आणि चोरही मीच?

पैसे मोजून आणलेल्या नाटकाच्या डीव्हीडीची एक कॉपी स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवायची म्हटलं तर मी गुन्हेगार होतो की नाही, एवढं साधं उत्तर या देशात कोणी धड देऊ शकत नाही!

दुसरा अंक रंगात आला की चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज अडकतो आणि प्लेअर खर्र खर्र करत बसतो. डिस्कवर ओरखडा म्हणाल तर एक नाही. उजेडात धरली की कडेने तपकिरी डाग दिसतात, आतला थरच सडत चाललाय. कंपनीला फोन केला तर म्हणे, ‘ते टायटल आता आमच्याकडे नाही.’ म्हणून ज्या डिस्क अजून धड आहेत त्या तरी वाचवू म्हटलं, तर कॉम्प्युटर सांगतो, कॉपी प्रोटेक्टेड!

आता १९५७ चा कॉपीराइट कायदा बघा. कलम ५२ मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी काढायला स्पष्ट परवानगी आहे. का, तर हरवला, खराब झाला तर पंचाईत नको. मग सिनेमा-नाटकाच्या डिस्क काय अमरपट्टा घेऊन आल्यात? त्यांच्यासाठी नुसतं मोघम ‘खासगी वापरासाठी फेअर डीलिंग’, म्हणजे रास्त वापराची सूट. त्यात अख्खी डिस्क उतरवणं बसतं का? कायदा गप्प. वर २०१२ साली कलम ६५अ घुसवलं : कॉपी अडवणारं डिजिटल कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद. हक्कभंगाचा हेतू असेल तरच, हे खरं. म्हणजे घरातल्या कॉपीला बहुधा धोका नाही. बहुधा! जेलच्या बाबतीत ‘बहुधा’वर कोण झोपणार हो?

आणि ते कुलूप तरी कसलं? डीव्हीडीवरचं सीएसएस नावाचं कुलूप १९९९ मध्येच फुटलं. त्यात हात असलेल्या नॉर्वेच्या पोरावर खटला भरला, तर २००३ मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. स्वतः विकत घेतलेली डिस्क बघणं हा गुन्हा नाही म्हणाले. पायरसीवाल्यांचं तेव्हापासून काय अडलंय? तिकडे पहिल्या दिवशी प्रिंट फिरते. अडतो तो बिल जपून ठेवणारा येडा.

२०१२ मध्ये एवढी दुरुस्ती केलीत, तेव्हा प्रोग्रॅमच्या त्या परवानगीत ‘आणि व्हिडिओ’ एवढे दोन शब्द घालायला शाई संपली होती का? नवा लॅपटॉप घ्यायला गेलो तर त्यात डिस्क घालायला जागाच नाही. म्हणजे थोड्या दिवसांनी कुलपाचाही प्रश्न नाही, डिस्क नुसत्या कपाटात.