होय म्हाराजा!

अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात गेले आणि त्यांच्या मागोमाग माझा उत्साहही गेला. गणपती निदान पुढच्या वर्षी लवकर येणार होते.

चाकरमानी मुंबईला परतले, घर ओकंबोकं झालं आणि मी पडवीतल्या बाकड्यावर जो आडवा झालो तो तिथेच रुजलो. समोर हापूसची दीडशे कलमं, कलमांखाली कमरेएवढं गवत आणि त्या गवतात कुठेतरी माझा कोयता. तो मी मे महिन्यात तिथे ठेवला होता. म्हणजे घरच्यांना तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे भिरकावला होता.

कारण गेला मोसम. पहिला मोहोर अवकाळी पावसाने झोडपला. दुसऱ्या मोहोरावर मळभ आलं आणि मळभाबरोबर तुडतुडे आले. हा किडा एवढासा, पण मोहोरातला रस पिऊन पानांवर चिकटा सोडतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. म्हणजे पाहुण्याने जेवायचं ते जेवायचं, वर भिंतीला हात पुसून जायचं. त्यातून जे वाचलं ते वानरांनी पाहिलं. वानर आंबा खात नाही, चाखून बघतो. एक चावा, नापसंत. दुसरा तोडला, एक चावा, नापसंत. एवढी चोखंदळ गिऱ्हाइकं मला वाशीच्या बाजारातही भेटली नाहीत. शेवटी ज्या पेट्या बाजारात गेल्या त्यांची पट्टी आली. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता जी रक्कम उरली होती ती मी बायकोला सांगितली नाही. तिने ती माझ्या चेहऱ्यावर वाचली.

"तुमच्यात साका झालाय," ती म्हणाली.

साका म्हणजे हापूसचा अंतर्गत आजार. बाहेरून फळ देखणं, वासाला घमघमीत, पण कापलं की कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. झाडावर असताना काही कळत नाही, पिकायला आढीत घातल्यावर कळत नाही, सुरी लागल्यावरच कळतं. मी डोंबिवलीची नोकरी सोडून गावी आलो त्याला चार वर्षं झाली. चौघांत बसून अजूनही "मातीची ओढ" वगैरे बोलतो. तेवढी साल शाबूत होती.

बाकड्यावर पडल्या पडल्या एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. हापूस हे मुळातच आळशी झाड आहे. एक वर्ष भरभरून धरायचं आणि पुढचं वर्ष विसावा घ्यायचा, हा त्याचा स्वभाव. पण झाडाला कोणी "सकारात्मक विचार कर" असं सांगत नाही. पावसाळ्यात त्याच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल घालतात. हे नाव एका दमात उच्चारलं की माणूसच विश्रांतीला येतो. झाड मात्र दरवर्षी मोहोर देऊ लागतं. झाड दमलं तर औषध, माणूस दमला तर सुविचार. पुण्याचा भाचा मला रोज पहाटे साडेपाचला एक सुविचार पाठवायचा. पाठीमागे उगवता सूर्य, समोर धावणारा माणूस. मी तो साडेदहाला वाचायचो. त्या माणसाला दीडशे कलमांची बेणणी, म्हणजे गवतकापणी, करायची नव्हती, हे त्याच्या धावण्यावरून दिसतच होतं.

मग मला शाळेतला रॉबर्ट ब्रूस आठवला. हरलेला राजा गुहेत बसलेला, समोर कोळी जाळं विणतोय, पडतोय, पुन्हा चढतोय. आमच्या पडवीच्या वाशाला कोळ्यांची वाण नाही. मी एक निवडला आणि दोन दिवस त्याच्याकडे टक लावून पाहिलं. पडायचं सोडाच, तो हललाही नाही. जाळ्याच्या मधोमध पाय पसरून, कोणीतरी येऊन अडकेल या भरवशावर पडून होता. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी बायकोने केरसुणी घेतली, त्याला खाली पाडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पाय वर घेतले.

एक कोळी हुकला तर दुसरा बघावा म्हणून समुद्रावर गेलो. इथेही घोटाळाच. आमच्या किनाऱ्यावर मासेमारी प्रामुख्याने गाबीत समाजाची, म्हणजे हाही कोळी नाहीच. किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेलं लांबलचक जाळं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणि प्रत्येक दोराला माणसांची रांग. एका म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या हातात दोर दिला. चांगला तासभर ओढला. तळहाताची सालटं निघाली. शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर आली तेव्हा तिच्यात जेलीफिशचा लगदा, थोडे पेडवे मासे आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल. कोणी हळहळलं नाही. एकाने जेलीफिशच्या आईला उद्देशून दोन शब्द म्हटले आणि जाळं झाडून पुन्हा होडीत चढवायला घेतलं.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?"

"येता तर! पण कर्जाच्या हप्त्याक कंटाळो येता काय?"

वाट्याला आलेले चार पेडवे घेऊन घरी आलो. प्रेरणा म्हणून आणले होते, पण बायकोने त्यांचं तिखलं केलं. ते खाऊन पुन्हा बाकड्यावर.

अशातच दसरा आला. आमचे आबा म्हणजे माझे चुलत काका. गावाचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मांडायचं साकडं, तेच घालतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण आवाज असा की देवळात उभे राहून बोलले तर देवाला आणि शेजारच्या वाडीला एकाच वेळी ऐकू जातं. बायकोने त्यांच्या कानावर माझं प्रकरण घातलं होतं. गावाचं गाऱ्हाणं आटोपलं, लोक सोनं लुटायला बाहेर पडायच्या बेतात होते, तेवढ्यात आबांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं, माझ्या नावाचा नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली. मला बरं वाटलं. चार माणसं आपल्यासाठी उभी आहेत असं वाटलं. ते तेवढंच.

"हेना डोंबिवलीची चांगली नोकरी सोडल्यान. बापाशीन नको म्हटल्यान, तरी सोडल्यान रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या खेपेला आवाज दुप्पट.

"आता म्हयनोभर हो बाकड्यार पडान आसा. सकाळी धा वाजल्याशिवाय उठणा नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी आबांच्या कानाशी कुजबुजलो, "साडेआठ."

आबांनी डोळेही उघडले नाहीत. "साडेआठ म्हणता, पण खरा काय ता तुका म्हायत आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"हेच्या बागेत इतक्या गवात वाढला की शेजाऱ्याचो पाडो दोन दिस गावलो नाय रे म्हाराजा!"

यावर सगळ्यांच्या आधी ओरडला तो शेजारी. त्याच्या 'होय म्हाराजा'त दोन दिवसांचा शोध होता. मी मान खाली घालून उभा होतो. लाज वाटायला हवी होती, पण खांदे हलायला लागले. पाठीमागे बायका तोंडाला पदर लावून खुसखुसत होत्या, त्यांत आमची ओळखीची खुसखुसही होती. भाद्रपदानंतर मला पहिल्यांदा हसू येत होतं आणि तेही ऐन गाऱ्हाण्यात.

"तर कोणाची नजर आसात, करणी आसात, नायतर नुसतो आळस आसात, काय ता भायर काड आणि हेका कोयतो धरूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"हेच्या कलमांक मोहोर येवंदे. पयल्या तोडीची पाच डझनांची पेटी हो तुझ्या पायाकडे आणून ठेवतलो रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

माझं हसू थांबलं. पाच डझन! मला कोणी विचारलंही नव्हतं. देव एकीकडे, आबा दुसरीकडे, मधे शंभरेक साक्षीदार आणि कर्ज माझ्या नावावर. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आबा, निदान दोन डझन तरी..." आबा म्हणाले, "रे, देवासमोर घासाघीस करूक ती काय वाशी आसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बागेच्या दगडी गडग्यापलीकडून हाक आली, "पेटी खयपर्यंत इली?" सव्वासातला दुसरी. दूध घालणारा, पोस्टमन, शाळेत जाणारी पोरं, कोणीही वाटेने जाताना देवाच्या वतीने चौकशी करून जात होतं. बाकड्यावर पडणं म्हणजे प्रदर्शनात पडण्यासारखं झालं. माणसांना चुकवायचं तर बागेत जाऊन गवताआड लपणं एवढाच उपाय होता. लपलोच आहे तर कोयता शोधू म्हटलं. तो सापडला, पात्यावर लाल गंज, मुठीला वाळवी. तो सहाणेवर घासला, पहिल्या कलमाखालचं गवत कापलं आणि मागे वळून पाहिलं तर मला लपायला जागा उरली नव्हती. म्हणून दुसऱ्या कलमाकडे सरकलो.

पुढचं काय सांगायचं? बेणणी संपली. थंडी बऱ्यापैकी पडली, मोहोर फुटला. दर पंधरवड्याला तोंडाला फडकं बांधून पंप मारला. मळभ आलं की पोटात गोळा यायचा, पण आता तो एकट्याचा नव्हता. आभाळ भरलं की गडग्यापलीकडून आबाही वर बघायचे. शब्द त्यांचा अडकला होता. वानरं आली तशी त्यांच्यावर धावून गेलो, तेव्हा ती पळाली नाहीत, पण थोडी सरकली.

एप्रिलच्या सुरुवातीला पहिली तोड झाली. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट एकेक फळ उतरवलं, डाग बघून, वजन हातात घेऊन साठ निवडले. ते आढीत पिकवून, पेंढ्यात बसवून रवळनाथाच्या पायाशी ठेवले. आबांनी पुन्हा हात जोडले, लोकांनी पुन्हा साथ दिली, आणि प्रसादासाठी आबांनी पेटीतला सगळ्यांत देखणा आंबा उचलून सुरी लावली.

आत साका.

देवळात कोणी बोलेना. बायकोने आंब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आबांनी ती फोड उजेडात धरून नीट निरखली, बाजूला ठेवली आणि दुसरा आंबा उचलत म्हणाले, "पुढल्या वर्साक गाऱ्हाणा जरा मोठा घालूक व्हया. आणि पेटयो दोन."

"होय म्हाराजा!" शेजारी ओरडला.