ट्रॉलर म्हणे समुद्र नांगरतो! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला, खाली त्याची ओळ, "बघ, शास्त्रज्ञ काय म्हणतायत." मामा रत्नागिरीकडचा, जन्मभर खाडीच्या तोंडाशी बसून गरीने, म्हणजे गळाने, तांबोशी मासे काढणारा माणूस. त्याला हे पटावं याचा मला जास्त त्रास झाला, म्हणून फोनवर वाद न घालता सगळं लिहूनच काढतोय, ज्यांच्याकडे तो मेसेज आलाय त्यांनीही वाचा.

मेसेज आहे तामिळनाडू आणि श्रीलंकेच्या मधल्या पाल्क उपसागराबद्दल. म्हणणं थोडक्यात असं: ट्रॉलरचं, म्हणजे मोठ्या यांत्रिक मासेमारी बोटीचं, जाळं तळावरून ओढलं की समुद्राची नांगरणी होते आणि मासळी वाढते, समुद्री गवत म्हणजे शेवाळ, मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत परत उगवतं, ते जातं ते कासवांमुळे आणि प्रदूषणामुळे, ओरडतात फक्त हौशी गळवाले, आणि ट्रॉलिंग बंद करा म्हणणं म्हणजे गरीब कोळ्याच्या पोटावर पाय.

नांगरणीपासूनच सुरुवात करतो कारण सगळ्यात जास्त डोकं त्यानेच फिरलं. अहो, शेतकरी नांगरतो ते पेरणीच्या आधी, उभ्या पिकात रोज सकाळी नांगर घालणारा शेतकरी दाखवा मला एक तरी! ट्रॉलचं जाळं कसं असतं ते बंदरावर जाऊन बघा. तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना जड फळ्या, त्या तळाला घासत जातात, खालच्या दोराला साखळी किंवा वजन, मागे बारीक छिद्रांच्या जाळीची खोळ. साखळी गवतावरून गेली की पानं तुटतातच, पण खरं नुकसान खाली होतं, कारण या गवताला जमिनीत आडवं पसरणारं खोड असतं आणि ते उखडलं की वाळू धरून ठेवायला काही उरत नाही. मग गाळ उठतो, पाणी गढूळ होतं, आणि जे गवत वाचलंय त्यालाही ऊन मिळत नाही. पाल्क उपसागर मुळात उथळ, बहुतेक भाग पंधरा मीटरच्या आतला, म्हणजे जाळं पोचणार नाही अशी खोल जागाच तिथे फारशी नाही. आणि त्या गवतात असतं काय? हिरव्या पट्ट्यांची मोठी कोळंबी, जी लहानपण गवतात काढते आणि जिच्या मागे हेच ट्रॉलर असतात. गवत खाणारे मासे, आणि त्यांची पिल्लं. मासळी वाढते म्हणणाऱ्याने पिल्लं कुठे वाढणार तेवढं सांगावं.

आता शेवाळ. समुद्री गवत शेवाळ नाही, त्याला मुळं आहेत, खोड आहे, फुलं येतात, बी धरतं. आणि दोन महिन्यांत परत येतं हे कुठल्या जातीबद्दल? बारीक पानांचं हॅलोफिला लवकर पसरतं, मान्य. आपल्या कोकण-गोव्यातल्या खाड्यांच्या चिखलात जे थोडंफार आहे ते याच जातकुळीतलं. पण लांब पट्ट्यासारख्या पानांचं एनहॅलस आडवं सरकतं वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया तसंच संथ, स्पेनमध्ये अलिकांतेजवळ ट्रॉलिंगने उद्ध्वस्त झालेल्या पट्ट्याचा अभ्यास झाला तेव्हा पूर्ण भरून यायला शंभर वर्षांच्या आसपास लागतील असा अंदाज निघाला. तिथे ट्रॉलर अडवायला समुद्रात काँक्रीटचे ठोकळे टाकावे लागले. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, म्हणजे 61 दिवस. ती माशांच्या विणीसाठी आहे, गवतासाठी कुणी ठरवलेली नाही.

कासवांचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात, हिरव्या कासवांनी गवताचे पट्टे खरोखर खाऊन साफ केलेत आणि त्यावर चांगलं संशोधन झालंय. पण लक्षद्वीपची मुख्य मासेमारी टूनाची, तीही काठी आणि गळाने, तिथे ट्रॉलर नाहीत. मग तिथलं उदाहरण पाल्कच्या ट्रॉलरला निर्दोष कसं ठरवतं?

प्रदूषणाबद्दल त्या मेसेजमध्ये "2009 चा जागतिक अभ्यास" असं मोघम लिहिलंय. तो अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या जर्नलमध्ये आलेला आहे, वाचा. जगातल्या 215 ठिकाणांची माहिती एकत्र केली आणि दिसलं की 1980 पासून दर वर्षी 110 चौरस किलोमीटर गवत जातंय, आणि 1879 पासून नोंद असलेल्या क्षेत्रापैकी 29 टक्के गेलंय. कारणांमध्ये किनाऱ्यावरची बांधकामं, गाळउपसा आणि खराब झालेलं पाणी वर आहेत, हे खरंय. पण त्यातली बरीचशी माहिती अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियाची आहे, आपल्याकडच्या उष्ण समुद्रांची माहिती अपुरी असल्याचं त्यातच म्हटलंय. त्यातून "पाल्कमध्ये जाळ्यांनी काही होत नाही" हे कसं काढलं? सांडपाण्याने अर्धमेल्या झालेल्या गवतावर साखळी फिरवली तर ते जास्तच लवकर मरणार ना.

गळवाल्यांचा मुद्दा मला लागला. गरीवर बसणारे सगळे हौशी नसतात, कित्येक घरांत संध्याकाळचं कालवण त्यावरच असतं. किनाऱ्याजवळ गळाला लागणारे बरेच मासे लहानपणी गवतात नाहीतर कांदळवनात वाढलेले असतात, त्यामुळे गळवाला बोलला तर तो स्वतःच्या ताटाबद्दल बोलतो. फ्लोरिडात गळवाल्यांनी नेटाने लावून धरलं आणि 1994 साली मतदानाने किनाऱ्याजवळच्या गिलनेटवर, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यांवर, बंदी आणली. मात्र तिथेच उथळ गवतात गळवाल्यांच्या मोटरबोटींच्या पंख्यांनी ओरखडे पाडलेत, तेव्हा गळवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाहीये.

आणि गरीब कोळी. इथे सरळ फसवणूक आहे. जाळं ते जाळं असं नसतं. पाण्यात तरंगणारं गिलनेट, किनाऱ्यावरून ओढायची रापण आणि तळ खरवडणारा ट्रॉल यांना एकाच माळेत ओवायचं आणि छोट्या होडीवाल्याच्या आडून ट्रॉलरचा बचाव करायचा. (गिलनेटही साधं नाही, त्यात डुगाँग, म्हणजे गवत खाणाऱ्या समुद्री गायी, अडकून मरतात. 2022 मध्ये पाल्क उपसागरात 448 चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र केलं ते उगाच नाही.) ट्रॉलरविरुद्ध सगळ्यात जास्त कोण ओरडतंय? दोन्ही काठांवरचे छोटे तमिळ मच्छीमारच, ज्यांची जाळी ट्रॉलर फाडून नेतात. रामेश्वरममध्ये भांडणं टाळायला ट्रॉलर आणि छोट्या होड्यांनी समुद्रात जायचे वार वाटून घ्यावे लागले. श्रीलंकेने 2017 मध्ये बॉटम ट्रॉलिंग कायद्यानेच बंद केलं, ते तिथल्या उत्तरेकडच्या छोट्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं लावून धरलं होतं म्हणून.

शिवाय तामिळनाडूचा 1983 चा कायदा यांत्रिक बोटींना किनाऱ्यालगतच्या ठराविक पट्ट्यात मासेमारी करू देत नाही, आणि गवताचे कितीतरी पट्टे त्याच उथळ भागात आहेत. त्या पट्ट्यापुरता तरी नवीन नियम लागतच नाही, आहे तो पाळायला लावा. हे कुठल्या परदेशी संस्थेने सांगायची गरज नाही, तामिळनाडूच्याच विधानसभेत मंजूर झालेला कायदा आहे.