गेटर-सेटरबद्दल फिरणारा तो मेसेज डिलीट करा

'जावास्क्रिप्टचे गेटर-सेटर फक्त क्रोममध्ये चालतात, पान स्लो करतात. वापरायचेच असतील तर खालच्या लिंकची पॉलिफिल स्क्रिप्ट पानात सगळ्यात वर टाका.' व्हॉट्सअ‍ॅपवरचा हा मेसेज वाचून देवगडच्या माझ्या भाचीने तिच्या हापूस ऑर्डरच्या पानातले सगळे सेटर उपटून टाकले. गेटर म्हणजे ऑब्जेक्टमधली किंमत (व्हॅल्यू) वाचताना आपोआप चालणारं फंक्शन, सेटर म्हणजे ती किंमत देताना चालणारं. पेट्यांची संख्या तपासणारा सेटर गेला, आता कोणी उणे दोन पेट्या टाकल्या तरी ऑर्डर जाते.

'फक्त क्रोममध्ये' हे धादांत खोटं. डिसेंबर २००९ च्या एकमास्क्रिप्ट ५ या जावास्क्रिप्टच्या मानकातच गेटर-सेटर आहेत. फायरफॉक्स, सफारी, ऑपेरात तर ते आधीपासून चालत होते. मागे राहिला तो इंटरनेट एक्सप्लोरर. त्याच्या आठव्या आवृत्तीत गेटर-सेटर जोडणारं 'डिफाइन-प्रॉपर्टी' हे फंक्शन होतं, पण साध्या ऑब्जेक्टवर नाही, फक्त डॉमच्या, म्हणजे पानावरच्या, घटकांवर. त्या काळी तक्रार रास्त होती, एवढं मान्य. पण २०११ च्या नवव्या आवृत्तीत तेही सुधारलं. कोण उघडतंय आज आठवी आवृत्ती?

खरा संताप त्या लिंकचा आहे. पॉलिफिलने ब्राउझरमध्ये नसलेलं फंक्शन जोडता येतं. ऑब्जेक्टमध्ये लिहिलेलं 'गेट' मात्र भाषेच्या व्याकरणात येतं. ज्या ब्राउझरला ते कळत नाही तो फाइल वाचतानाच सिंटॅक्स एरर (व्याकरणाची चूक) देतो, त्या फाइलची एकही ओळ चालत नाही. वर कुठलीही स्क्रिप्ट टाका, फरक शून्य. मग ती तिथे हवीय कशाला? बाहेरून आणलेल्या स्क्रिप्टला पानावरचं सगळं वाचता येतं: गिऱ्हाईकाचं नाव, फोन, पत्ता. पॉलिफिल.आयओ हे नावाजलेलं डोमेन फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं आणि जूनमध्ये तिथल्या स्क्रिप्टमधून मोबाइलवाल्यांना भलत्याच साइटवर ढकललं जाऊ लागलं. लाखभर साइट त्यात सापडल्या. हे तर माहितीतल्या डोमेनचं झालं. या मेसेजमधली लिंक कोणाची, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. ज्यांनी ती पानात टाकलीय त्यांनी आजच काढा.

स्लो? संख्या गुणिले दर, एवढंच करणारा गेटर काय स्लो करणार! दर वेळी मोठी यादी सॉर्ट कराल तर साधं फंक्शनही रखडेल.

सांभाळायचं ते वेगळंच. सेटरच्या आत त्याच नावाला किंमत दिली की तो स्वतःलाच बोलावत राहतो आणि स्टॅक (चालू फंक्शनांची नोंद ठेवणारी जागा) भरतो. आतलं नाव वेगळं ठेवा. नुसताच गेटर असेल तर स्ट्रिक्ट मोडबाहेर (अशा चुकांवर एरर देणारी जावास्क्रिप्टची कडक पद्धत) दिलेली किंमत गुपचूप गळते, एररही येत नाही. क्लास आणि मॉड्यूलमध्ये स्ट्रिक्ट मोड आपोआप असतो, बाकी ठिकाणी तो स्वतः लावा.