लेवीय, अध्याय 14 आणि आमच्या हॉलची भिंत

बायबलातला देव बांधकामाच्या बाबतीत भारी काटेकोर आहे. नोहाला "पूर येतोय, तारू बांध" एवढं सांगून तो मोकळा झाला नाही. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस, मजले तीन, दार बगलेला, आणि आतून-बाहेरून डांबर. दोन्हीकडून! आमच्या बिल्डरने एका बाजूनेही दिलं नव्हतं. पुढे अरण्यात निवासमंडप उभारायचा तर पडद्यांच्या आकड्यासुद्धा देवाने मोजून सांगितल्या. आतल्या पडद्यांना सोन्याच्या पन्नास, वरच्या बकऱ्याच्या केसांच्या पडद्यांना पितळेच्या पन्नास. शलमोनाने मंदिर सात वर्षांत पुरं केलं आणि स्वतःच्या वाड्याला तेरा वर्षं लावली, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. ज्या घरात पडद्याचा रंग पसंत करायला सातशे राण्या आहेत, तिथे तेरा वर्षं म्हणजे काम झपाट्यानेच झालं. माझ्या घरी एकच आहे.

आमच्या सावेडीतल्या घराच्या हॉलला ओल आहे. नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा दुष्काळी, हे शाळेत आम्हीच मुलांना शिकवतो. आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड येतं, पण भिंतीला चोवीस तास असतं. हा चट्टा आम्ही बरीच वर्षं श्रद्धेने झाकून ठेवला होता. आधी त्यावर पोस्टकार्डाएवढं एक वचन होतं. मग चट्टा वाढला, तेव्हा वचनाचं कॅलेंडर आलं. मग आली ती फ्रेम, जी तुम्ही कुठल्याही ख्रिस्ती घरात पाहिली असेल: ख्रिस्त या घराचा मस्तक आहे, प्रत्येक जेवणाचा अदृश्य पाहुणा, प्रत्येक संभाषण मुकाट्याने ऐकणारा. आणखी दोन पावसाळे गेले असते तर प्रभूचं शेवटचं भोजन आणावं लागलं असतं, तेही बाराच्या बारा शिष्यांसकट.

तेवढ्यात सौ.ने फोनवर ते व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. एक मुलगी पांढरे कपडे घालून हातात ब्रश घेते आणि अर्ध्या मिनिटात पडक्या खोलीचं हॉटेल करते. कपड्यावर रंगाचा ठिपका नाही. घरात सासू दिसत नाही, चहा मागणारं कोणी दिसत नाही.

"या नाताळाला घर नवं दिसलंच पाहिजे," सौ. म्हणाली. "आणि स्वस्तात."

माझं म्हणणं होतं की आधी प्लंबर बोलवावा, भिंत फोडून बघावी. ते "मेकओव्हरमध्ये येत नाही" म्हणून फेटाळलं गेलं.

आईने मध्ये तोंड घातलं. आमची आजी मिशनची बायबलबाई होती, गावोगाव बैलगाडीतून वचन सांगत फिरायची. ते सगळं आईकडे तोंडपाठ उतरलंय आणि ती ते प्रसंग बघून काढते. "लूक चौदा," आई म्हणाली. "बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज करावा. नाहीतर पाया घालून काम अडतं आणि लोक हसतात."

सौ. बसली आणि तिने अंदाज केला. डिस्टेंपर, लांबी (म्हणजे भिंतीला लावायची पुट्टी), पॉलिश पेपर, ब्रश, ओट्याला मार्बलचं स्टिकर. सगळं दहा हजारांच्या आत. मजुरीचा रकाना कोरा होता.

"मजुरी?"

"नहेम्याने यरुशलेमेची भिंत कोणाकडून बांधून घेतली?" माझ्याच आईच्या सहवासात राहून ती तयार झाली आहे. "सोनार होते, अत्तरवाले होते. एकाने तर मुली लावल्या कामाला. तुम्ही निदान गणिताचे मास्तर आहात."

हे खरं आहे, नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ती भिंत बावन्न दिवसांत झाली, हेही पुढे सहाव्यात आहे. पण त्या अत्तरवाल्याने बांधलेला भाग पुढे किती पावसाळे टिकला, यावर शास्त्र मौन बाळगतं.

रंगाच्या दुकानदाराने खरा सल्ला दिला. "सर, आधी पाण्याचा बंदोबस्त करा. ओलीवर लांबी धरत नाही." असं म्हणून त्याने लांबीची पिशवी आमच्या स्कूटरवर चढवली. सल्ला आणि लांबी, दोन्ही मनापासून.

फ्रेम उतरवली तर मागे एक स्वच्छ चौकोन, आणि चौकोनाच्या मधोमध चट्टा. मी पट्टीने खरवडायला घेतलं. पोपडे सुटायला लागले तसा घराचा सगळा इतिहास खाली यायला लागला. वरचा पिवळा आमच्या थोरलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळचा. त्याखाली गुलाबी, आमच्या लग्नाचा. त्याखाली पोपटी, तो कोणी पसंत केला हे आता कोणीच कबूल करत नाही. त्याखाली चुना. चुन्याखाली गिलावा, त्यावर क्षाराची पांढरी लव, आणि बोटाने दाबलं तर गिलावा थंडगार, ओला, बोटाबरोबर येणारा. मी सौ.ला हाक मारून दाखवलं. तिने बोट लावून पाहिलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "पंखा लावा."

रंग लव्हेंडर ठरला होता. तयार लव्हेंडर महाग पडतो, म्हणून पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये जांभळ्या स्टेनरच्या बाटल्या पिळायच्या होत्या. पहिली बादली खरोखर छान जमली, आणि भिंतीच्या मध्यावर संपली. दुसरी बादली तशीच बनवताना सौ.ने थोडा जांभळा टाकला, मग जास्त झाला म्हणून पांढरा, मग फिका झाला म्हणून घरात पडलेला काळा. अर्धी भिंत लव्हेंडर आणि अर्धी चुलीतल्या राखेसारखी झाली. आई आतून काठी टेकत आली, तिने भिंतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आगमनकाळ चालू आहे ना? मग भस्म बुधवार आत्ताच कशाला?" आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे आठवडे; कपाळाला राख लावायचा भस्म बुधवार येतो तो नाताळानंतर, उपवासकाळाच्या सुरुवातीला.

ओट्याच्या मार्बलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्टिकर चिकटवलं, फुगे आले, ते सुईने फोडले, आणि संध्याकाळी कोणीतरी त्यावर गरम तवा ठेवला. तो कोणी ठेवला याची चौकशी अजून चालू आहे. जाता जाता एक सांगतो. मार्था कामात राबली आणि प्रभूने बाजू घेतली तिच्या बहिणीची, मरियाची, या गोष्टीवर मी इतकी प्रवचनं ऐकली, पण मार्थेची बाजू घेणारा पाळक मला अजून भेटायचा आहे. मरिया प्रभूच्या पायाशी बसली हे उत्तमच. पण जेवण कोणी केलं? नाताळच्या करंज्या तळणाऱ्या बाईला हा प्रश्न दरवर्षी पडतो, आणि ती तो विचारत नाही, कारण तेल तापलेलं असतं.

हॉलला फॉल्स सीलिंग करायचं का, हेही एकदा निघालं होतं. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं, फार नाही, थोडंसंच. पण त्याच रविवारी पाळकसाहेबांनी शास्त्रपाठाला हाग्गय संदेष्ट्याचं पुस्तक घेतलं. माझं मंदिर ओसाड पडलेलं असताना तुम्ही तक्तपोशीच्या (म्हणजे लाकडी फळ्यांनी मढवलेल्या) घरांत राहायची ही वेळ आहे काय, असं परमेश्वर विचारतो. पुढे असंही आहे की मजुरी मिळवणारा ती भोकं पडलेल्या पिशवीत टाकतो. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमच्या मंदिराचं, म्हणजे चर्चचं, छत जुनं, लाकडी आणि उत्तम आहे, पण त्या दिवशी आमचं सीलिंग बारगळलं आणि चार-पाच हजार वाचले. हाग्गयाचे मी उपकार मानतो.

ते वाचलेले पैसे कुठे गेले, ते आता सांगतो. आमच्या चर्चच्या मंडळीने प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेतल्या आणि जुने सागवानी बाक उपकारस्तुतीच्या सणाला लिलावात काढले. आमच्याकडे उपकारस्तुतीच्या लिलावाची एक रीत आहे. तिथे माल स्वस्त मिळत नाही. लोक आपापल्या शेतातलं, परसातलं आणतात, आणि बाजारात वीस रुपयांना मिळणारा भोपळा तीनशेला जातो, कारण पैसा देवाच्या कामाला जायचा असतो. घासाघीस करणारा माणूस पुढे वर्षभर तोंड लपवत फिरतो. अशा ठिकाणी काटकसर करायला जाणं हे मुळातच धाडस होतं. त्यात सौ.च्या समोर बोली लावायला मंडळीचे एक वडील (म्हणजे चर्चचे एल्डर) उभे राहिले, ज्यांच्या बायकोशी तिचं महिला मंडळात जमत नाही. मी तिची बाही ओढली. तिने बाही सोडवून घेतली आणि आणखी पाचशे वाढवले. शेवटी ज्या किमतीला तो बाक आमचा झाला, त्या किमतीत सोफा आला असता, गादीसकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून आमचं नाव घेऊन आभार मानले. एकही नोट परत मागता येईना.

बाक आठ फुटांचा, हॉल दहा फुटांचा. तो आत आला तेव्हा टीव्ही बाहेर गेला. पण खरी अडचण मापाची नाही, बाकाच्या सवयीची आहे. त्यावर बसणारा माणूस आपोआप ताठ होतो, हात मांडीवर घेतो आणि आवाज खाली आणतो. पाहुणे समोरची जागा सोडून दाराजवळच्या टोकाला बसतात, शेवटी पटकन निघता यावं म्हणून. माझा मेव्हणा शनिवारी संध्याकाळी सहज गप्पा मारायला आला, त्यावर टेकला आणि दहा मिनिटांत पेंगायला लागला. मी बोललो तेव्हा दचकून "आमेन" म्हणाला.

बाकाच्या बसण्याच्या फळीच्या खालच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची कामगिरी आहे. वाळलेला च्युइंगम, शाईचे डाग, आणि खिळ्याने कोरलेली नावांची आद्याक्षरं. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शास्त्रपाठ चालू असताना कोणी काय केलं, याची ती खरी नोंदवही. बाक उलटा करून मी पॉलिश पेपर मारत होतो, तेव्हा आई चष्मा लावून ती अक्षरं वाचायला बसली. हा अमक्याचा मुलगा, ही तमक्याची सून, हा मुंबईला गेला. मग एका जोडीपाशी तिचं बोट थांबलं. पहिलं अक्षर आणि आडनाव आमच्या वडिलांचं होतं. शेजारचं अक्षर आईचं नव्हतं. आईने चष्मा काढला, घडी घातली आणि ती आत गेली. त्या बाकावर ती आजतागायत बसलेली नाही.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, होती. दिवाळीनंतर स्वस्तात मिळालेला चांदणीचा आकाशकंदील दाराला लावला होता. नाताळच्या तोंडावर तोच घ्यायला गेलं तर दुप्पट लागतात. सौ.चे हे एवढंच गणित पूर्ण बरोबर आलं, हे मास्तर म्हणून मान्य करतो. मंडळी आली, "सलाम, सलाम" झालं, बाक भरला, उरलेले सतरंजीवर बसले. फ्रेम तिच्या जागी होती. पण पंख्याने भिंत वरवर सुकली होती आणि आतलं पाणी आता वेगळी वाट काढत होतं. फ्रेमच्या चारही बाजूंनी चट्टा बाहेर आला होता, मधे तांबूस, कडेने हिरवट. ज्याला प्रत्येक संभाषण मुकाट्याने ऐकणारा म्हणतात, तोही आता भिजत होता.

गाणं झालं. पाळकसाहेबांनी वडीलधारी म्हणून आईला शास्त्रपाठ निवडायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं, लूकचा दुसरा, गोठा, मेंढपाळ.

"लेवीय चौदा," आई म्हणाली. "तेहतिसाव्या वचनापासून."

पानं चाळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. हा अध्याय कोणी कधी काढत नाही. घराच्या भिंतीला चट्टा पडला तर काय करावं, ते त्यात सविस्तर आहे. मालकाने जाऊन याजकाला, म्हणजे पुरोहिताला, सांगावं. याजकाने आत यायच्या आधी घर रिकामं करायला लावावं. मग भिंतीत हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले तर घर सात दिवस बंद ठेवावं. सातव्या दिवशी चट्टा वाढलेला दिसला तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत, घर आतून खरवडून काढावं, नवे दगड बसवून नवा गिलावा करावा. तरीही चट्टा आला तर घर पाडून टाकावं. आई चष्म्यावरून एकेक वचन वाचत होती आणि "हिरवट" म्हणताना भिंतीकडे बघत होती. सौ. स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले कप वाजत होते.

"आमेन," आई म्हणाली. "याजक आता तुम्हीच."

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत. धर्मशास्त्राला जाण्याआधी त्यांनी पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. ते उठले, फ्रेम हळूच उतरवून माझ्या हातात दिली आणि भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकायला लागले. वर ठोकलं, टणक आवाज. खाली ठोकलं, बद्द. कान लावला. मग आत जाऊन बाथरूमचा नळ बघून आले.

"मागची लाईन फुटलीय," ते म्हणाले. "गरम पाण्याची. इथून इथपर्यंत फोडावं लागेल."

"नाताळ चार दिवसांवर आलाय," सौ. म्हणाली.

"शास्त्र सात दिवस देतं," आई म्हणाली.

तडजोड झाली. नाताळ उरकला, नवीन वर्षाची उपासना झाली, मग पाळकसाहेबांच्याच ओळखीचा प्लंबर आला. घर आधी रिकामं करायचं हे शास्त्राप्रमाणेच झालं, फक्त बाक दारातून निघेना म्हणून तो गोणपाटाखाली तिथेच राहिला. प्लंबरने छिन्नी लावली. लव्हेंडर, राख, पिवळा, गुलाबी, पोपटी, सगळं एका घमेल्यात गेलं, आणि विटांच्या मागून गंजलेला पाइप दिसला. काम संपल्यावर त्याने हात धुतले आणि आकडा सांगितला. तो सौ.च्या सगळ्या मेकओव्हरपेक्षा कमी होता, यावर घरात कोणी बोललं नाही.

आई खुर्ची ओढून नव्या गिलाव्यासमोर बसली.

"अजून संपलं नाही," ती म्हणाली. "घर शुद्ध करायला दोन पक्षी लागतात. एक वाहत्या पाण्यावर मारायचा आणि दुसरा मोकळा सोडायचा."

प्लंबर पान्हे पिशवीत भरत होता. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पक्षी तुम्ही आणा, काकू," तो म्हणाला. "माझी मजुरी वेगळी."