‘चार पहाटा निरंक’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या होमस्टेवर राहून पहाटे कासवांची घरटी शोधायला किनारा चाललात, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. आंघोळीचं पाणी कोमट होतं आणि पहिल्या रात्री जेवायला उशीर झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. आभाळ होतं, सोलर तापला नाही. बंबाचं बघतोच आहोत.

पण "शास्त्रीय मोहीम सांगून पैसे घेतले आणि चार पहाटा वहीत नुसतं निरंक लिहायला लावलं, शुद्ध फसवणूक" हे मात्र लागलं. पैसे आम्ही राहण्या-जेवणाचे घेतो, कामाचे नाही. बुकिंगच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं त्यात तसं लिहिलंय. कासव दिसेलच असं कुठेही लिहिलेलं नाही. सॅटेलाइट टॅगचं, म्हणजे कासव कुठे फिरतं ते उपग्रहावरून कळवणाऱ्या यंत्राचं म्हणाल, तर २०२२ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या कासवाच्या मादीला टॅग लावला तो शास्त्रज्ञांनी. आमच्या ओटीवर त्या बातमीचं कात्रण आहे, ते कार्यक्रमपत्रिका म्हणून लावलेलं नाही.

ओडिशात ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवं हजारोंनी एकदम किनाऱ्याला लागतात. आपल्या कोकणात मादी एकेकटी येते, रात्री खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि तासाभरात परत जाते. म्हणून तर भरतीने माग पुसायच्या आत, कुत्री-कोल्हे पोचायच्या आत सगळा किनारा चालायचा. ओढत गेल्यासारखा रुंद माग दिसला की घरटं शोधायचं. नाहीच दिसला, तर तारीख, वेळ, कुठून कुठपर्यंत चाललो ते लिहून पुढे निरंक.

ते निरंकच तुम्हाला फुकट वाटलं. अहो, त्या रात्री कासव आलंच नाही, की कोणी बघायलाच गेलं नाही, हे पुढे वही उघडणाऱ्याला कळणार कसं? पूर्वी इथे अंडी सर्रास चोरीला जायची. वेळासला २००२ मध्ये काम सुरू झालं तेव्हापासून घरटी राखली जातायत. कासवं वाढली की घटली हे सांगायचं तर रिकाम्या रात्रीही मोजाव्या लागतात. घरटी तेवढी लिहिली, तर ज्या वर्षी माणसं जास्त चालली त्या वर्षी कासवंही जास्त आली असं दिसेल!

आता बोलू नये, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत म्हणून बोलते. तिसऱ्या पहाटे आमच्या यजमानांनी दार वाजवलं, तेव्हा तुम्ही आतूनच म्हणालात, "लिहून टाका निरंक, कोण बघतंय." ते काही बोलले नाहीत. डोंगराकडचा अर्धा किनारा त्यांनी केला. खाडीकडचा तुमचा होता, तिथे जाईपर्यंत भरती चढली होती. त्या रकान्यात निरंक नाही सर, आडवी रेघ आहे. तेव्हा चार पहाटा नव्हे, तीनच. यजमान कासवमित्र आहेत, म्हणजे घरटी राखणाऱ्यांपैकी, वहीत खोटं लिहीत नाहीत.

यापुढे येणाऱ्यांना काम नीट समजावून सांगू, चहाही निघण्याआधी देऊ. परत यायचं मनात असेल तर आधी फोन करा, पिल्लं निघायचा अंदाज घेऊन सांगते. अंडी घातल्यापासून ४५ ते ५५ दिवस लागतात, वाळू किती तापते त्यावर पुढे-मागे होतं, त्यामुळे तारीख पक्की देता येत नाही. आणि एका स्टारचं जमलं तर बघा. आमची सगळी कमाई मेपर्यंतचीच असते, पाऊस लागला की इकडे कोणी फिरकत नाही.